स्मॉल फेसेसची सिंगल्स (१९६५-६९): कुठली प्रत घ्यावी, कशी वाजवावी, आणि 'इचिकू पार्क'मधला तो सरकता आवाज

पंचेचाळीस_फेरे

साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँड्सचा विषय निघाला की गप्पा बीटल्स, स्टोन्स, द हू आणि किंक्स यांच्यावरच रेंगाळतात. स्मॉल फेसेस एका वाक्यात उरकले जातात. तीन मिनिटांत इतकं काही भरणारे बँड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यामुळे हा धागा फक्त त्यांच्या सिंगल्ससाठी (एका बाजूला एकच गाणं असलेल्या सात इंची रेकॉर्ड). एलपींवर वेगळा धागा काढू.

माणसं चार: स्टीव्ह मॅरियट (गिटार, गायन), रॉनी लेन (बेस, गायन), केनी जोन्स (ड्रम्स) आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये जिमी विन्स्टनच्या जागी आलेला इयन मॅक्लॅगन (ऑर्गन, पियानो).

पहिला टप्पा डेका कंपनीचा, मॅनेजर डॉन आर्डन. ऑगस्ट १९६५ मध्ये निघालेलं 'व्हॉचा गॉना डू अबाउट इट' ब्रिटनच्या विक्री-यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात गिटारच्या सोलोच्या जागी चक्क फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारी किंचाळी) आहे. पुढचं 'आय हॅव गॉट माइन' यादीत आलंच नाही. म्हणून मग बाहेरून गाणं घेतलं: केनी लिंच आणि मॉर्ट शुमन यांचं 'शा-ला-ला-ला-ली', ३ रा क्रमांक, १९६६. त्याच वर्षी 'हे गर्ल' (१०), 'ऑल ऑर नथिंग' (१) आणि 'माय माइंड्स आय' (४). १९६७ मध्ये 'आय कान्ट मेक इट' २६ वर अडलं आणि डेकाने शेवटी काढलेलं 'पॅटर्न्स' कुठेच पोचलं नाही, कारण तोवर बँड अँड्र्यू लूग ओल्डहॅम आणि टोनी काल्डर यांच्या इमिजिएट लेबलवर गेला होता.

इमिजिएटवर: 'हिअर कम द नाइस' (१२), 'इचिकू पार्क' (३), 'टिन सोल्जर' (९), 'लेझी संडे' (२), 'द युनिव्हर्सल' (१६), आणि मॅरियट बाहेर पडल्यावर १९६९ मध्ये निघालेलं 'आफ्टरग्लो ऑफ युअर लव्ह' (३६).

माझं म्हणणं एकच आहे. ही गाणी ज्या रूपात बनवली ते रूप म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची मोनो (एकाच चॅनेलची) सिंगल. स्टुडिओतला सगळा वेळ आणि सगळं लक्ष त्या मोनो मिक्सला मिळायचं. त्यामुळे 'कुठली सीडी चांगली' याआधी 'मोनो नीट कसं ऐकायचं' हा प्रश्न येतो. जाणकारांनी लिहावं, आकड्यांसकट.

रानजाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. 'ऑल ऑर नथिंग' किती आठवडे पहिलं होतं? वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात.

पंचेचाळीस_फेरे

@रानजाई, आज अधिकृत धरतात त्या यादीत एक आठवडा: १५ सप्टेंबर १९६६ चा. त्याआधी तिथे बीटल्सचं 'यलो सबमरीन / एलिनोर रिग्बी' होतं, नंतर जिम रीव्हजचं 'डिस्टंट ड्रम्स' आलं.

आकडे जुळत नाहीत त्याचं कारण सोपं आहे. फेब्रुवारी १९६९ पर्यंत ब्रिटनमध्ये एकच सर्वमान्य यादी नव्हती. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस, मेलडी मेकर, डिस्क आणि रेकॉर्ड रिटेलर अशी प्रत्येकाची आपापली यादी, आणि बीबीसी त्यांची सरासरी काढून स्वतःची पाचवी बनवायची. नंतरच्या संदर्भग्रंथांनी १९६० पासून रेकॉर्ड रिटेलरची यादी प्रमाण मानली. वर दिलेले माझे आकडे त्याच यादीचे. कुणी न्यू म्युझिकल एक्स्प्रेसचा आकडा देत असेल तर तोही खोटा नसतो, फक्त यादी वेगळी असते.

टेप_कात्री

'इचिकू पार्क'च्या आवाजाबद्दल मी लिहितो, कारण त्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते.

गाणं लंडनच्या बार्न्स भागातल्या ऑलिम्पिक स्टुडिओत झालं. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स, आणि ही सरकत्या आवाजाची युक्ती तिथल्याच जॉर्ज चकियांट्झने करून दाखवलेली. कडवी साधी आहेत, आवाज जसाच्या तसा. ड्रम्स उसळतात तिथे विमान डोक्यावरून गेल्यासारखी ती लाट येते. यालाच फ्लँजिंग म्हणतात (तेव्हा सर्रास फेझिंगही म्हणत).

आत नेमकं काय घडतं? एकच आवाज दोनदा वाजतो, दोघांत काही मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि ते अंतर सतत बदलत राहतं. अंतर १ मिलिसेकंद असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठरावीक जागी आवाज कापला जातो. अंतर ५ मिलिसेकंद झालं की कापाच्या जागा १००, ३००, ५०० अशा दाट होतात. ०.१ मिलिसेकंदाला पहिला काप थेट ५००० हर्ट्झवर. म्हणजे अंतर शून्याकडे जाताना काप भराभर वर पळतात आणि लांब जाताना खाली उतरतात. कानाला जाणवते ती ही पळापळ.

आता टेपच्या भाषेत. सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८.१ सेंटिमीटर वेगाने टेप धावते. १ मिलिसेकंद म्हणजे ०.३८ मिलिमीटर टेप. ५ मिलिसेकंद म्हणजे जेमतेम १.९ मिलिमीटर. तेवढ्याशा सरकण्यात सगळा खेळ.

त्या काळात हे करायच्या दोन वाटा होत्या. पहिली: एकाच मिक्सच्या दोन प्रती दोन मशीनवर एकदम सुरू करायच्या आणि एका रिळाच्या कडेला बोट टेकवून तिला किंचित मागे पाडायचं. यात पडलेलं अंतर साठत जातं, परत शून्यावर यायचं तर दुसऱ्या रिळाला रोखावं लागतं. दुसरी: चालू आवाज दोन मशीनवर रेकॉर्ड करत करत लगेच त्यांच्या प्ले-हेडवरून परत घ्यायचा. रेकॉर्ड-हेड आणि प्ले-हेड यांत समजा ५ सेंटिमीटर अंतर असेल तर दोन्हीकडून आवाज १३१ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे आपसात फरक शून्य. एका मशीनचा वेग २ टक्के कमी केला की तिच्याकडून सुमारे २.७ मिलिसेकंद जास्त उशीर. वेग पूर्ववत केला की फरक आपोआप शून्य. या वाटेत हातात जास्त नियंत्रण राहतं.

दोन्ही वाटांत एक गोष्ट सारखी: मागे असलेली प्रत पुढे जाऊ शकते, म्हणजे फरक शून्य ओलांडून पलीकडे जातो. त्या ओलांडण्याच्या क्षणी सगळे काप वर निघून जातात, आवाज एकदम भरतो आणि मग उलट दिशेने काप खाली यायला लागतात. 'इचिकू पार्क'मधली ताकद त्यात आहे.

सुईदोरा

फ्लँजिंग असलेलं हे पहिलं गाणं ना?

टेप_कात्री

नाही. टोनी फिशरचं 'द बिग हर्ट' १९५९ चं आहे आणि त्यात हा परिणाम स्पष्ट ऐकू येतो. शिवाय १९६६ मध्ये अॅबी रोड स्टुडिओत तंत्रज्ञ केन टाउनसेंडने बीटल्ससाठी आवाज आपोआप दुहेरी करायची टेपची पद्धत बसवली होती, तिचं तत्त्व हेच, फक्त अंतर मोठं. 'इचिकू पार्क'चं श्रेय वेगळं आहे: हा परिणाम गाण्याच्या रचनेतच बसवून, ठरावीक जागी आणून, तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचवला. अमेरिकेतही ते बिलबोर्डवर १६ पर्यंत चढलं.

धूळपाटी

माझ्याकडे रीपर (ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर) आहे. फ्लँजर प्लगइन लावलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, त्या रेकॉर्डसारखा होत नाही. कुठलं प्लगइन घ्यावं?

टेप_कात्री

@धूळपाटी, प्लगइन न घेता करून बघा, जास्त चांगलं होतं. पत्र्यासारखा आवाज दोन कारणांनी येतो. एक, बऱ्याच प्लगइनमध्ये फीडबॅक (बाहेर आलेला आवाज परत आत सोडणं) आधीच चढवलेला असतो, टेपवर तो नव्हताच. दोन, साधं प्लगइन आवाजाला उशीर करू शकतं पण वेळेआधी आणू शकत नाही, त्यामुळे शून्य ओलांडणं होत नाही. वर लाट एका ठरावीक लयीत वरखाली होत राहते, ते यांत्रिक वाटतं.

कृती अशी:

ड्रम्सचा (किंवा पूर्ण मिक्सचा) सुमारे ५ सेकंदांचा तुकडा घ्या. त्याची प्रत दुसऱ्या ट्रॅकवर ठेवा. प्रत ५ मिलिसेकंद डावीकडे सरकवा, म्हणजे ती आधी वाजेल. मग प्रतीचा वेग ०.९९८ करा. वेग बदलताना पट्टी राखून ठेवणारा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून जोडतं आणि काप धड पडतच नाहीत. ०.२ टक्क्याने पट्टी साडेतीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरते, कानाला कळतही नाही.

०.२ टक्के गुणिले ५ सेकंद म्हणजे १० मिलिसेकंद. प्रत ५ मिलिसेकंद पुढून सुरू होते आणि ५ मिलिसेकंद मागे संपते. अडीचाव्या सेकंदाला बरोबर शून्य. तुकडा असा निवडा की अडीचाव्या सेकंदाला झांजेचा किंवा स्नेअरचा मोठा ठोका येईल.

दोन्ही ट्रॅकची पातळी सारखी हवी. यात लोक ढिलाई करतात. १ डेसिबलचा फरक असला तरी उंची आणि कापात सुमारे २५ डेसिबलचं अंतर मिळतं. ३ डेसिबल फरक झाला की ते १५ वर येतं, ६ झाला की साडेनऊ. मग लाट नुसती सूचक राहते.

दोन्ही ट्रॅक मधोमध ठेवा. एक डावीकडे, एक उजवीकडे केला तर काप हवेत मिसळण्यावर सोडलेले असतात, हेडफोनवर तर ते होतच नाहीत. शून्याच्या क्षणी दोन्ही ट्रॅक तंतोतंत जुळतात आणि पातळी एका ट्रॅकपेक्षा ६ डेसिबलने वर जाते, तेव्हा आधीच तेवढी मोकळी जागा ठेवा. प्रतीचं पोलॅरिटीचं बटण उलटं दाबू नका. तसं केलं तर शून्याला आवाज भरण्याऐवजी पुसला जातो. तो परिणामही वापरतात, पण तो या गाण्यातला नव्हे.

रानजाई

हे ताशाच्या रेकॉर्डिंगवर चालेल का? की फक्त ड्रमसेटवर?

टेप_कात्री

ताशावर उत्तम चालेल. काप ऐकू यायला आवाजात सगळ्या पट्ट्यांचा भरणा लागतो: झांज, स्नेअर, ताशा, टाळ, टाळ्या. बासरी किंवा तंबोऱ्यासारख्या आवाजात ऊर्जा थोड्या ठरावीक जागी असते, काप मधल्या मोकळ्या जागेतून निघून जातो आणि नुसती पातळी वरखाली झाल्यासारखी वाटते. 'इचिकू पार्क'मध्ये हे ड्रम्सच्या जागी ठेवलंय ते याच कारणाने इतकं उठून येतं. पूर्ण गाण्यावर कधी लावू नका, दहाव्या सेकंदाला कान सरावतो.

हॅमंड_आणि_हार्मोनियम

यंत्रांबद्दल छान चाललंय. थोडं चालींबद्दल लिहितो, कारण या बँडच्या चाली कुठून येतात ते बघण्यासारखं आहे.

'माय माइंड्स आय'ची चाल नाताळच्या 'ग्लोरिया इन एक्सेल्सिस'च्या ओळीवर उभी आहे. एकदा लक्षात आलं की पुन्हा वेगळी ऐकूच येत नाही. (हे गाणं डेकाने बँडला न विचारता, कच्च्या मिक्सवरूनच बाजारात आणलं. घाईघाईने मिक्स केल्यासारखा त्याचा आवाज लागतो तो त्यामुळे.) 'इचिकू पार्क'च्या मागेही रॉनी लेनने एक चर्चगीतच सांगितलंय, 'गॉड बी इन माय हेड'. शब्दांतले उसासे टाकणारा पूल आणि स्वप्नाळू मनोरे ऑक्सफर्डचे आहेत, आणि बागेचं टोपणनाव मात्र पूर्व लंडनचं. ती बाग नेमकी कुठली, मॅनर पार्कमधली लिटल इलफर्ड की इलफर्डची व्हॅलेंटाइन्स, यावर आजही वाद आहे.

गिटार घेऊन बसणाऱ्यांसाठी: कडव्याचे कॉर्ड ए, सी शार्प मायनर, जी, डी. यातला जी ए मेजरच्या पट्टीत बसत नाही, आणि गाण्याला ती तरंगती, थोडी झोपाळू चव त्यानेच येते. तिथे जीच्या ऐवजी जी शार्प डिमिनिश्ड वगैरे 'बरोबर' कॉर्ड शोधत बसू नये. सी शार्प मायनर वाजवताना खाली जी शार्प धरला तर बेस ए, जी शार्प, जी असा अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरतो. एकट्या गिटारवर वाजवताना हा उतार ऐकू आला तरच गाणं ओळखीचं वाटतं.

आणि 'टिन सोल्जर'. माझ्या मते साठच्या दशकातल्या ब्रिटिश सिंगल्समध्ये याच्या तोडीची फार थोडी आहेत. सुरुवात नुसत्या कीबोर्डने, दबक्या आवाजात. मग गिटारचे कॉर्ड अंगावर येतात. त्यानंतर गाणं चढतच जातं, आणि शेवटाला गायिका पी. पी. आर्नोल्डचा आवाज मॅरियटच्या आवाजाला भिडतो. नवव्या क्रमांकावर ते थांबलं हे त्या यादीचं नुकसान.

पंचेचाळीस_फेरे

'टिन सोल्जर'चं नाव निघालं म्हणून एक मुद्दा. खूप जणांची तक्रार असते की याची सिंगल शेवटाकडे फाटते. त्यात बराचसा दोष भूमितीचा आहे.

सात इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला, त्रिज्या ८.५ सेंटिमीटरच्या आसपास, सुईखालून सेकंदाला ४० सेंटिमीटर खाच जाते. आत त्रिज्या ५.५ वर आली की तेच २६ सेंटिमीटर होतं. तोच वरचा सूर आता तेवढ्याच कमी लांबीत कोरलेला. बरीच गाणी शेवटी हळू होत विरून जातात म्हणून हे खपून जातं. 'टिन सोल्जर'चा कळस मात्र शेवटाकडे, म्हणजे नेमका आतल्या जागेत. झिजलेली सुई, चुकीच्या कोनात बसवलेलं कार्ट्रिज (सुई धरणारा भाग), ज्यूकबॉक्समध्ये घासलेली प्रत, यातलं काहीही असलं तरी आवाज आधी तिथेच फाटतो. म्हणून सेकंडहँड प्रत विकत घेताना सुरुवात ऐकून काही कळत नाही. विक्रेत्याला शेवटची ४० सेकंदं वाजवायला सांगा.

कार्ट्रिज बसवताना प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) एलपीचेच दोन बिंदू असतात. सिंगल्सच मुख्यतः ऐकणार असाल तर आतला बिंदू जास्त काटेकोर जुळवा.

सुईबद्दल: मोनो काळातल्या मायक्रोग्रूव्हसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या १ मिल, म्हणजे २५ मायक्रॉन. स्टीरिओच्या साध्या गोल सुईची ०.७ मिल, १८ मायक्रॉन. जुन्या सुयांनी खाचेचा खालचा भाग झिजवलेला असेल तर २५ मायक्रॉनची सुई थोडी वर टेकते आणि तिथली भिंत बऱ्याचदा शाबूत असते. उलटही होतं: काही प्रतींत वरचा भाग गेलेला असतो आणि बारीक सुई बरी लागते. दोन्ही लावून बघणं हाच उपाय. सुईवरचं वजन कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवा. हलकं ठेवल्याने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई उडते आणि भिंतीवर आपटते.

सुईदोरा

ब्रिटिश प्रतींत मधला तुकडा निघतो आणि मोठं भोक पडतं, त्यावर अॅडॅप्टर लावला तर आवाज लहरतो. ऑर्गनवर जास्त कळतं. अॅडॅप्टर खराब की प्रत?

पंचेचाळीस_फेरे

बहुतेक वेळा अॅडॅप्टर. मोठं भोक साधारण ३८ मिलिमीटरचं. स्वस्त प्लास्टिकचा अॅडॅप्टर त्यात सैल बसतो आणि रेकॉर्ड केंद्रापासून हलते. अर्धा मिलिमीटर सरकली तरी ८ सेंटिमीटर त्रिज्येवर वेग ०.६ टक्के वरखाली होतो, म्हणजे सूर अकरा सेंट इकडे, अकरा सेंट तिकडे. ४५ फेऱ्यांना ही लहर दर १.३३ सेकंदाला एकदा येते. गिटार-ड्रम्समध्ये दबून जाते, 'टिन सोल्जर'च्या सुरुवातीसारख्या धरलेल्या कीबोर्डच्या सुरात लगेच पकडता येते.

तपासायचं कसं: टोनआर्म (सुईचा दांडा) बाजूने न बघता वरून बघा. दर फेरीला तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर केंद्र चुकलंय. अॅडॅप्टर काढून रेकॉर्ड हाताने किंचित सरकवून पुन्हा बघा. डुलणं कमी-जास्त होत असेल तर अॅडॅप्टर बदला, धातूचा घट्ट बसणारा घ्या. मधला तुकडा अजून शाबूत असेल तर तो काढूच नका, लहान भोकाने वाजवा. लहान भोकानेही डुलत असेल तर छापतानाच भोक चुकलंय, त्याला घरी इलाज नाही.

सागरगोटा

रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते. कापडाने पुसली की दिसत नाही, पण वाजवताना करकर तशीच. काय वापरावं? आणि एका अमेरिकन प्रतीवर स्पिरिट लावल्यावर ती धुरकट झाली, हे कशाने?

झंकार_पेठ

@सागरगोटा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात रेकॉर्ड कायमची जाते.

अमेरिकन सात इंची रेकॉर्डपैकी बऱ्याच व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या असतात. अमेरिकेत 'इचिकू पार्क' कोलंबियाच्या वितरणात निघालं आणि त्यांच्या कारखान्यांत सिंगल्ससाठी हे प्लास्टिक सर्रास वापरायचे. स्पिरिट त्याला मारक ठरू शकतं. ओळखायचं असं: स्टायरीनची रेकॉर्ड कडक असते, वाकवायला गेलं तर लवत नाही (जोर लावू नका, तडकते), नखाने कडेवर टिचकी मारली तर टणक आवाज येतो, आणि लेबल बऱ्याचदा वरून चिकटवलेलं असतं. शंका असेल तर स्टायरीनच समजून चाला. स्टायरीनवर सुई टेकवून हाताने मागे-पुढे फिरवू नका, एका जागी भिंत खरवडली जाते.

आता बुरशी. नुसतं कापड फिरवलं की बीजाणू खाचेत आणखी खोल दाबले जातात, म्हणून करकर राहते. पातळ पदार्थ खाचेत शिरून घाण सैल व्हायला हवी आणि मग ती उचलली जायला हवी.

व्हिनाइलसाठी: ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटो धुणारे वापरायचे त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरायला मदत करणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब. भांडी घासायचं लिक्विड नको, त्यातले रंग आणि सुगंध खाचेत राहतात. अल्कोहोल औषधाच्या दुकानातलं घेत असाल तर लेबल वाचा, हातांसाठीच्या द्रावणात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं. स्टायरीनसाठी हेच मिश्रण, अल्कोहोल पूर्ण वगळून.

लेबल कोरडं ठेवा, त्यावर प्लास्टिकची गोल झाकणी धरा. द्रावण खाचांवर पसरून अर्धा मिनिट राहू द्या. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्या. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा तेच. दुसरं धुणं लोक गाळतात, आणि वाळलेला द्रावणाचा थर पुढच्या वेळी सुईवर गोळा होतो. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेतच वाळतात. रेकॉर्ड उभी ठेवून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही.

धुतलेली रेकॉर्ड त्याच बुरशीच्या कव्हरात परत घातली तर श्रावण संपायच्या आत पहिले पाढे पंचावन्न. नवं आतलं कव्हर घाला, पॉलिप्रॉपिलीनचं किंवा साध्या कागदाचं, पीव्हीसीचं नको. डेकाची, इमिजिएटची मूळ कागदी कव्हरं टाकू मात्र नका, कोरडी करून वेगळी जपा. त्यांना किंमत आहे. कपाटात रेकॉर्ड भिंतीला टेकवू नका, कोकणात आणि गोव्यात ओल भिंतीतूनच येते.

टेप_कात्री

साफ झालेल्या मोनो सिंगलचं डिजिटल रूप करणार असाल तर एक सूचना, आणि तिचा वरच्या फ्लँजिंगशी थेट संबंध आहे.

स्टीरिओ कार्ट्रिजने मोनो रेकॉर्ड वाजवली की दोन चॅनेल मिळतात. गाणं आडव्या हालचालीत आहे, ते दोन्हींत सारखं. धूळ आणि खरखर यांचा बराच भाग उभ्या हालचालीत, तो दोन चॅनेलमध्ये उलटा. दोन्ही बेरीज केले की उभी खरखर बरीचशी पुसली जाते. इथपर्यंत सगळे सांगतात.

पण सुई खाचेत तिरकी बसली असेल तर एका चॅनेलचा आवाज दुसऱ्याच्या किंचित मागे येतो. ५० मायक्रोसेकंद मागे असला की बेरजेत १०,००० हर्ट्झवर काप पडतो. २० मायक्रोसेकंद असेल तर काप २५,००० वर जातो, चिंता नाही. म्हणजे नकळत फ्लँजिंगच, फक्त न हलणारं. झांजा मंद वाटतात आणि लोक म्हणतात की मोनो रेकॉर्डला वरचे सूरच नसतात.

म्हणून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला दोन्ही चॅनेल वेगवेगळे रेकॉर्ड करा, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास. मग खूप मोठं करून झांजेचा एक ठोका दोन्ही चॅनेलमध्ये बघा. ९६ किलोहर्ट्झला एक नमुना १०.४ मायक्रोसेकंदांचा, तेव्हा पाच नमुन्यांचा फरक म्हणजे ५० मायक्रोसेकंद. फरक असेल तर एक चॅनेल तेवढा सरकवा आणि मग बेरीज करा.

बेरजेआधी डावा एकटा, उजवा एकटा, असंही ऐका. जुन्या प्लेअरनी बऱ्याचदा एकच भिंत जास्त खाल्लेली असते. अशा वेळी चांगला एकच चॅनेल घेणं बेरजेपेक्षा बरं. करकर काढणारं सॉफ्टवेअर हलक्या हाताने वापरा. ते स्नेअरच्या कडा आणि 'लेझी संडे'मधले बारीकसारीक आवाज करकर समजून खातं.

हॅमंड_आणि_हार्मोनियम

'लेझी संडे'चा उल्लेख झाला तर 'द युनिव्हर्सल'चाही करायला हवा. मॅरियटने ते घराच्या बागेत अकूस्टिक गिटार घेऊन साध्या कॅसेट रेकॉर्डरवर गायलं, मागे कुत्री भुंकताहेत, आणि बाकीची वाद्यं नंतर स्टुडिओत त्यावर चढवली. आपल्या प्रतीत कुत्री ऐकू आली तर कुणी ती 'साफ' करायला जाऊ नये. ते गाणं सोळावर अडलं याचं मॅरियटला फार लागलं होतं, आणि १९६८ च्या शेवटच्या रात्री अलेक्झांड्रा पॅलेसच्या कार्यक्रमात तो बँड सोडून निघाला.

जर्सीकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इथला जुना बेल्टचा प्लेअर पुण्याला नेणार आहे. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

झंकार_पेठ

@जर्सीकर, नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. जुन्या प्लेअरची एसी सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झवर चालायला बनवलेली असते, पुण्यात ५० मिळतात. ४५ फेऱ्यांच्या जागी ३७.५ होतील आणि गाणं सुमारे तीन अर्धे सूर, म्हणजे जवळजवळ दीड सूर, खाली उतरेल. मोटरची कप्पी बदलावी लागेल: बेल्ट बसतो तिथला व्यास १.२ पट हवा. काही कंपन्यांनी ५० हर्ट्झच्या कप्प्या वेगळ्या विकल्या होत्या, सापडल्या तर उत्तम, नाहीतर लेथवाल्याकडून पितळेची करून घ्या. बेल्ट नवा घ्या. प्लेअरची मोटर डीसी असेल किंवा क्वार्ट्झने नियंत्रित असेल तर यातलं काहीच लागत नाही, फक्त व्होल्टेज.

वेग तपासायची चकती तिथून आणू नका. ६० हर्ट्झच्या दिव्याखाली ४५ फेऱ्यांसाठी १६० रेघा लागतात, ५० हर्ट्झखाली १३३.

पंचेचाळीस_फेरे

विकत घेणाऱ्यांसाठी क्रमांक देतो, म्हणजे फसगत होणार नाही. ब्रिटिश मूळ प्रती: 'हिअर कम द नाइस' आयएम ०५०, 'इचिकू पार्क' आयएम ०५७ (मागे 'आय अॅम ओन्ली ड्रीमिंग'), 'टिन सोल्जर' आयएम ०६२ (मागे 'आय फील मच बेटर'), 'लेझी संडे' आयएम ०६४, 'द युनिव्हर्सल' आयएम ०६९, 'आफ्टरग्लो' आयएम ०७७. डेकाची 'ऑल ऑर नथिंग' एफ १२४७०, मागे 'अंडरस्टँडिंग'. ही मागची बाजू जरूर ऐका.

इमिजिएट १९७० मध्ये बुडाली, पण नाव परत आलं. 'इचिकू पार्क' १९७५ मध्ये पुन्हा काढलं आणि ते पुन्हा नवव्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यामुळे त्या दुसऱ्या खेपेच्या प्रती बाजारात भरपूर आहेत. त्यांच्या क्रमांकाआधी आयएमएस असतं. ऐकायला त्या वाईट नाहीत, पण १९६७ ची प्रत म्हणून जास्त पैसे देऊ नका. मुंबईत चोर बाजारात किंवा ऑनलाइन घेताना लेबलचा फोटो मागा, कव्हरचा नको. कव्हर कुठल्याही रेकॉर्डवर चढवता येतं.

सीडीच घ्यायची तर कंपनी बुडाल्यावर टेपचे हक्क इतक्या हातांतून फिरले की जुन्या स्वस्त संकलनांचा स्रोत काय आहे ते कळत नाही. २०१४ मध्ये इमिजिएट काळाचा जो चार सीडींचा बॉक्स निघाला त्यावर मॅक्लॅगन आणि केनी जोन्स यांची देखरेख होती, आणि त्यात सिंगल्स मोनोत आहेत. तो मिळाला तर घ्या.

धूळपाटी

@टेप_कात्री, केलं. ०.९९८, पाच सेकंद, पट्टीचा पर्याय बंद, पातळी सारखी. शून्याला स्नेअर आणला. हुबेहूब तोच आवाज आला. आता लाट दुप्पट लांब हवी असेल तर तुकडा दहा सेकंदांचा करून वेग ०.९९९ ठेवायचा ना?

टेप_कात्री

हो, बरोबर. एकूण सरकणं १० मिलिसेकंदच राहील.